मी मारलेली भुवईवाली

अकराव्या वर्षी मी एका बाईला मारलं. ती अमेरिकेत होती आणि मी बंगळुरात, पेटेतल्या, म्हणजे जुन्या गावातल्या, आमच्या घराच्या पडवीत, मांडीवर इंग्रजी पेपर घेऊन चटईवर बसले होते. हत्यार म्हणाल तर एकच शब्द. आपण मेलो हे त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

बाई साधीसुधी नव्हती, हॉलिवुडची नटी होती. नाव सांगत नाही, कारण आमच्याकडे ते कुणालाच धड उच्चारता येत नसे. वडील एक म्हणत, आई दुसरं, आणि अक्का दोन्ही चुकीची ठरवून तिसरंच म्हणे. शेवटी सगळ्यांनी तिला भुवईवाली म्हणायचं ठरवलं. तिची डावी भुवई फार सावकाश वर जायची, देवळातला पडदा बाजूला व्हावा तशी. भुवई वर गेली की पडद्यावरचे पुरुष बोलायचे थांबत आणि थिएटरातले शेंगा सोलायचे थांबत.

अक्का म्हणजे माझी आत्या. आमच्यासारखी मराठी घराणी तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यांमागून इकडे आली. घोडे परत गेले, आम्ही राहिलो. तेव्हापासून आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं की शिवण कुठे आहे ते दिसत नाही. थोरली बहीण म्हणजे अक्का. ती वडिलांची अक्का, म्हणून आईची अक्का, आमची अक्का, गल्लीची अक्का, आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या दूधवाल्याचीसुद्धा अक्काच. मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची. लग्न झालेलं नव्हतं. वडील म्हणत पत्रिका जुळली नाही, आई म्हणे स्वभाव, आणि अक्का म्हणे वेळच मिळाला नाही.

वेळ मिळणार कुठून. महिन्यातला एक शनिवार भुवईवालीचा असे. जेवणं उरकली की अक्का मला घेऊन दंडूला निघायची. कँटोन्मेंटला पेटेतली माणसं दंडू म्हणत. अंतर चार-पाच मैलांचं, पण बसमधून उतरलं की देश बदललेला असायचा. रस्त्यावर झाडांच्या कमानी, त्यांच्यातून गाळून आलेलं हिरवट ऊन, केकचा वास, टोप्या घातलेल्या गोऱ्या म्हाताऱ्या, आणि कोपऱ्यावर ते थिएटर. आत गेलं की आधी काहीच दिसत नसे. मग हळूहळू लाल मखमल उगवायची, मग माणसांची डोकी, मग डोक्यांवरून जाणारा धुरकट उजेडाचा पट्टा. त्या पट्ट्यातून बाई आपल्याकडे येते असं मला वाटायचं.

अक्काला इंग्रजीचे चार शब्द येत होते, त्यांतला एक 'डार्लिंग'. तरी सोमवारी दुपारी गल्लीतल्या बायका तांदूळ निवडायला आमच्या पडवीत जमल्या की ती सगळा सिनेमा सांगायची. भुवईवाली जिन्यावरून कशी उतरली ते तर ती उठून करून दाखवायची. जिना नव्हता, म्हणून पाटावरून उतरायची. प्रत्येक सिनेमात एक जिना असायचा आणि भुवईवाली त्यावरून अशी उतरायची की पाय हलताना दिसू नयेत. इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की अक्का सांगते ती गोष्ट आणि सिनेमातली गोष्ट यांचा जिन्यापलीकडे संबंध नसतो. मी तोंड मिटून राहिले. अक्काची गोष्ट सरस असायची.

तर तो रविवार. पेपरात सिनेमाचं पान असे आणि ते अक्काला वाचून दाखवणं माझं काम. भुवईवालीवर चार ओळी होत्या. बरीच वर्षं तिचे जुनेच सिनेमे फिरून फिरून लागत होते, नवा आला नव्हता, त्यामुळे अक्का सरसावून बसली. मी वाचू लागले आणि तिच्या चित्रपटांआधी 'लेट' हा शब्द आला.

लेटचे मला दोन अर्थ ठाऊक होते. एक, मी शाळेत रोज जायची तो. पण सिनेमा पोचायला उशीर झाला असं काही तिथे नव्हतं. दुसरा अर्थ आमच्या भिंतीवर होता. आजोबांच्या फोटोखाली इंग्रजीत 'लेट' लिहिलेलं होतं. समोरच्या वकिलांच्या दारावर पाटी होती, तिच्यावरही मुलाने वडिलांच्या नावाआधी नवा 'लेट' रंगवून घेतला होता. उत्तरार्धातल्या कामालाही लेट म्हणतात, हे मला पुढे कितीतरी लेट कळलं.

"अक्का," मी पेपर खाली ठेवून म्हटलं, "भुवईवाली कैलासवासी झाली."

अक्का उठली, मोरीत गेली, आणि डोक्यावरून थंड पाणी घेतल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"सुतक लागतं का आपल्याला त्यांचं?" तिने वडिलांना विचारलं.

"गोत्र माहीत आहे का?" वडील म्हणाले.

"एक दिवस पुरे," मोरीतून अक्का म्हणाली. "लांबची आहे."

दुसऱ्या दिवशी बायका तांदूळ न घेता आल्या. काय झालं होतं, कुणी विचारलं. पेपरात त्याबद्दल अक्षर नव्हतं, पण अक्काने सांगितलं. भुवईवाली पांढरा कोट घालून जिन्यावरून उतरत होती. मधल्या पायरीवर थांबली, हात कठड्यावर ठेवला, डावी भुवई वर नेली आणि ती तशीच राहिली. खाली गाडी उभी होती, ड्रायव्हर दार उघडून वाट पाहत होता. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीसुद्धा रडले. स्वतः मारलेल्या माणसासाठी एवढं रडणारी मी पहिलीच असेन.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते गणपतीच्या नाटकावरून.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचं नाटक दरवर्षी गणपतीत व्हायचं आणि बारा वर्षं त्याची नायिका अक्का होती. पण त्या सुमारास विमानांच्या कारखान्यात, संशोधनाच्या संस्थांमध्ये, महाराष्ट्रातून नवी मराठी माणसं आली. त्यांच्यातले एक इंजिनिअर मंडळाचे दिग्दर्शक झाले. मूळचे पुण्याचे. माणूस सज्जन होता, पण आमची मराठी ऐकली की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करायचा. घरात आम्ही त्यांना नुसतं 'पुणं' म्हणायचो.

एका संध्याकाळी पुणं नाटकाची वही घेऊन आमच्याकडे आलं. नायिकेचं काम कारखान्यातल्या एका इंजिनिअरच्या नव्या बायकोला दिलं होतं. वय बावीस.

"ताई, तुम्ही आजी करा," ते म्हणाले. "तीनच वाक्यं आहेत, पण सगळं नाटक त्यांच्यावर उभं आहे."

"उभं कुठलं. आजी अंथरुणाला खिळलेली आहे म्हणता."

"झोपून अभिनय करणं फार अवघड असतं, ताई."

"माझ्या भावाला सांगा. तो रोज दुपारी करतो."

वडिलांनी पेपर वर धरला. पुण्याने वही उघडून अक्कापुढे केली. "एकदा वाचून तर बघा. पहिलं वाक्य, 'जरा थांबा.'"

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाली.

"स्वल्प नाही हो. जरा."

"आम्ही स्वल्प म्हणतो."

"ते कन्नडमुळे. शुद्ध मराठीत जरा."

अक्काने वही मिटली. "कीर्तनात कधी बसलात का? जन्म, जरा, मरण. जरा म्हणजे म्हातारपण. तुमच्या पुण्यात माणसं दर वाक्याला म्हातारपणाला हाक मारत असतील. माझ्या तोंडून तो शब्द यायचा नाही."

कॉफी थंड झाली. पुणं निघताना म्हणालं, "ताई, वय कुणाला चुकलंय?"

"भुवईवालीला," अक्का म्हणाली. "तिने केली का कधी म्हातारी? गेली, पण नायिका म्हणून गेली."

पुण्याला काही कळलं नाही. मला कळलं. अक्काने त्या रात्री जेवताना जाहीर केलं की ती रंगभूमी सोडते आहे, कायमची. नाटकातल्या साड्यांची ट्रंक तिने माळ्यावर चढवली. सोमवारच्या गोष्टीही थांबल्या. बायका गुपचूप तांदूळ निवडून जायच्या. शिवणयंत्रावर पाय ठेवून अक्का नुसती बसून राहायची, आणि पलीकडे भिंतीवर मासिकातून कापलेली भुवईवाली, तिला जाईचा गजरा. मला आठवतं ते असं की ते सगळे दिवस ढगांच्या आत घडले. सकाळी बाहेर धुकं, दुपारी रिपरिप, आणि घरात अक्का दुसऱ्या एका बाईच्या मरणाचा आधार घेऊन स्वतःला हळूहळू पुसून टाकते आहे.

तेवढ्यात भुवईवाली परत आली.

मी चिकपेटेत दोऱ्याची रिळं आणायला गेले होते. ताशा वाजवत एक जटका आला. आमच्याकडे टांग्याला जटका म्हणतात, आणि नव्या सिनेमाची जाहिरात तेव्हा त्यावरून फिरे. दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक. एका फलकावर देखणी तरुण मुलगी, आणि तिच्यामागे पांढऱ्या विस्कटलेल्या केसांची, पुरुषी कोट घातलेली एक म्हातारी. म्हातारीची डावी भुवई फलकाच्या चौकटीबाहेर गेली होती.

रिळं माझ्या हातातून पडली आणि एक गटारापर्यंत उलगडत गेलं. खाली नाव होतं, अक्काच्या तिसऱ्या उच्चाराचं. सिनेमा नवा होता. मेलेली माणसं नवे सिनेमे करत नाहीत, एवढं मला कळत होतं.

घरी येऊन सांगितलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण अक्काने थंड पाण्याने अंघोळ केलेली. गल्ली रडलेली. मी दोन रात्री विचार केला आणि मग निम्मं खोटं बोलले.

"अक्का, शनिवारी दंडूला जाऊ. भुवईवालीचा सिनेमा लागलाय."

"जुना असेल."

"त्यात ती जुनीच आहे," मी म्हटलं. हे वाक्य मला अजून आवडतं.

अक्का म्हैसूर सिल्क नेसली. मेलेल्या माणसाकडे जायचं तर नीट जावं, म्हणाली. त्या दिवशी पाऊस नव्हता. दंडूतल्या झाडांवरून थेंब गळत होते आणि रस्ता असा चकाकत होता की माणसं उलटी चालताना दिसत होती. आम्ही मखमलीत बसलो. दिवे मावळले.

सिनेमा समुद्रकाठच्या एका खाणावळीचा होता. तरुण मुलगी तिथे राहायला येते. वादळ, कंदील, पत्रं, एक तरुण. अर्धा तास गेला.

"कुठे आहे?" अक्का कुजबुजली.

"येईल."

मग जिना दिसला. अरुंद, लाकडी, कुरकुरणारा. वरच्या अंधारातून ती म्हातारी आली. कठडा धरून एक पायरी उतरली. थांबली. कोटाच्या खिशात चष्मा शोधला, सापडला नाही. दुसरी पायरी. थिएटरात कुणीतरी हसलं. तिसऱ्या पायरीवर चष्मा तिच्या डोक्यावरच आहे हे तिला आठवलं, आणि आता बरेच जण हसले. चौथी पायरी. खाली ती देखणी मुलगी काहीतरी बोलत होती, पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळं थिएटर म्हातारीच्या पुढच्या पायरीची वाट पाहत होतं. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला, आमच्याकडे पाहिलं, आणि डावी भुवई वर जाऊ लागली.

हसणं थांबलं. शेंगा थांबल्या.

अक्काने माझं मनगट धरलं. "ही तिची बहीण असेल."

"तीच आहे, अक्का."

"ती गेली."

"नाही गेली."

पडद्यावरचा उजेड अक्काच्या चेहऱ्यावर येत-जात होता आणि त्यात ती कधी वीस वर्षांची दिसे, कधी सत्तर. माझं मनगट तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

बाहेर पडलो तर ऊन आलेलं. बसकडे न वळता अक्का बागेत शिरली आणि मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसली. बराच वेळ वरून पिवळी फुलं पडत राहिली, तिच्या मांडीवर, माझ्या चपलांवर.

"मेली नव्हती तर."

"नाही."

"मग मारली कुणी?"

मी आजोबांच्या फोटोपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. अक्काने शांतपणे ऐकलं. मग मला वाटलं तिला उचकी लागली. ती हसत होती. हसता हसता तिचा अंबाडा सुटला.

"अगं, मी तिला जिन्यावर मारली. गाडीचं दार उघडं ठेवून मारली. आता गल्लीला काय सांगू?"

"खरं सांगू या?"

"छे. एवढं काही झालेलं नाही." तिने केस वर बांधले आणि मांडीवरची फुलं झटकली. "पाहिलंस ना? पूर्वी ती जिना उतरायची तेव्हा आपण झगा बघायचो, कंबर बघायची असली तर कंबर. आज काही नव्हतं बघायला. कोट फाटका, केस तसे. तरी त्या पोरीकडे कुणी बघितलं का? बोल की."

"नाही."

"किती पायऱ्या उतरली?"

"चार."

"चार पायऱ्यांना दहा मिनिटं घेतली बाईने," अक्का समाधानाने म्हणाली. "सरी, झालं तर. चल."

सोमवारी तिने बायकांना सांगितलं की भुवईवाली मेली नव्हती, कंटाळली होती. मधल्या पायरीवर थांबली ती विश्रांतीसाठी. आता बरं वाटतंय तिला, खाली आली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ज्या सर्वांत जास्त रडल्या होत्या त्याच म्हणाल्या, आम्हाला तेव्हाच शंका आली होती. गजरा फोटोवरून उतरून अक्काच्या अंबाड्यात गेला.

त्याच संध्याकाळी तिने पुण्याला बोलावून घेतलं. आजी करते म्हणाली. पुणं हरखलं.

"पण जिना पाहिजे."

"ताई, आजी अंथरुणाला खिळलेली आहे."

"बरी झाली. मी औषध दिलं."

"नाटककाराने असं लिहिलेलं नाही हो."

"त्यांना बंगळूरची हवा माहीत नसेल. इथे माणूस लवकर उठतो."

वाद तीन दिवस चालला. शेवटी पुणं दमलं. कारखान्यात परदेशातून यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्यांचा पाच पायऱ्यांचा जिना झाला. तालमींना अक्का जायची, पण पहिलं वाक्य म्हणायची नाही. तिथे पोचली की नुसता हात वर करायची. पुणं घाम पुसत म्हणायचं, "ताई, स्वल्प नाही हं. प्रयोगात तरी जरा." अक्का म्हणायची, "बघू."

प्रयोगाला मी पहिल्या रांगेत होते. नायिका गोड दिसत होती, बोलतही छान होती. तिसऱ्या प्रवेशात मुलगा आणि सून घर सोडून निघतात, आणि आजी त्यांना थांबवते. ते दाराशी पोचले. वर, मंडळाच्या निळ्या पडद्यापुढे, अक्का उभी होती. कपाळावर पावडरने काढलेल्या सुरकुत्या, वडिलांचा जुना कोट, पांढरे केस. एका खोक्यावरचा बाण उलटा लागला होता. 'ही बाजू वर' असं तो खाली दाखवत सांगत होता.

ती एक पायरी उतरली. थांबली. कुणीतरी हसलं. दुसरी पायरी. चष्म्यासाठी खिसा चाचपला. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. तिसरी. मुलगा आणि सून दार धरून ताटकळत होते, विंगेत पुणं वही छातीशी धरून उभं होतं. त्या तीन पायऱ्यांत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला इतकंच आठवतं की पेट्रोमॅक्सचा उजेड पिवळा झाला, मग सोनेरी, आणि सभागृह एका जागी तरंगत राहिलं. खोकी एरवी कुरकुरत. त्या दिवशी कुरकुरली नाहीत.

चौथ्या पायरीवर अक्काने मान वर केली. डावी भुवई चढू लागली. तिने समोर पाहिलं, मुलाकडे नाही, सुनेकडेही नाही, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या अंधारात कुणीतरी येऊन उभं असावं तिकडे, आणि शांतपणे म्हणाली,

"जरा."

मग हात वर केला.

"थांब."

वहीत 'थांबा' होतं. एका कान्याची चूक, पुण्याने नंतर पन्नास माणसांना सांगितलं, पण शब्द मात्र शेवटी शुद्ध उच्चारला ताईंनी. नव्या मंडळींना वाटलं आजी मुलाला म्हणाली. मुलाची भूमिका करणाऱ्यालाही तसंच वाटलं, तो थांबला. अक्का कुणाला थांबवत होती ते मला माहीत होतं आणि तिला. आणि शपथेवर सांगते, तीही थांबली, कीर्तनातली ती. निदान गौरी-गणपतीपुरती.

पुढची कितीतरी वर्षं मंडळाची आजी अक्काच असायची, आणि बाहेरगावच्या नाटककारांना आपल्या नाटकात जिना कुठून आला याचं कोडं पडत असे.

मी कॉलेजात असताना एका सकाळी पेपरात भुवईवालीचा फोटो आला, तरुणपणीचा, पांढऱ्या कोटातला. या वेळी चार ओळी नव्हत्या, अर्धं पान होतं. मी ते दोनदा वाचलं. एका शब्दावर विसंबून राहायची माझी हिंमत उरली नव्हती. मग पेपर घेऊन शिवणयंत्राशी गेले.

"अक्का, भुवईवाली गेली."

तिने सुईत दोरा ओवणं थांबवलं नाही.

"पेपरात आहे?"

"अर्धं पान."

"वाचलं कुणी?"

"मी."

अक्काने दोरा ओवला, दाताने तोडला आणि यंत्राचं चाक फिरवलं.

"स्वल्प नीट वाच," ती म्हणाली. "मागल्या वेळीही तूच वाचलं होतंस."